मोठे नकाशे, पोथ्या आणि चित्रं वेबसाइटवर झूम करता येतील अशी लावणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालय, इतिहास मंडळ, देवस्थान किंवा घरातली जुनी पेटी, कुठेतरी गाव-नकाशे, मोडी कागद, पोथ्या असतात. कुणीतरी उत्साहाने स्कॅनिंग करून घेतं. फाइली हार्डडिस्कवर येतात आणि मग गाडी अडते, कारण एकेक फाइल इतकी मोठी की ईमेलने जात नाही, वेबसाइटवर चढत नाही. अशा वेळी जे प्रश्न हमखास येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. वाचणाऱ्याला साधी वेबसाइट सांभाळता येते, फाइल अपलोड करता येते, एवढं गृहीत धरलं आहे.

स्कॅन ७०० एमबीचा आहे. तो सरळ जेपीईजी करून पानावर टाकला तर काय बिघडतं?

एक ए-झिरो आकाराचा नकाशा घ्या, ८४१ बाय १,१८९ मिलिमीटर. तो ४०० डीपीआयने (इंचाला ४०० ठिपके) स्कॅन केला की चित्र होतं १३,२४४ बाय १८,७२४ पिक्सेल, म्हणजे २४.८ कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर ७४ कोटी बाइट. तुमचे ७०० एमबी येतात ते इथून.

जेपीईजी केल्यावर फाइल बरीच आटोपशीर होते हे खरं. पण ती आटोपशीर असते फक्त डिस्कवर आणि वायरीवर. दाखवताना ब्राउझरला ती पूर्ण उलगडावी लागते, आणि तिथे बहुधा पिक्सेलमागे चार बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला जवळजवळ १०० कोटी बाइट मेमरी. साध्या फोनवर टॅब आपोआप बंद पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं तुमची साइट बंद आहे.

शिवाय फॉरमॅटच्याही मर्यादा आहेत. जेपीईजीत एका बाजूला जास्तीत जास्त ६५,५३५ पिक्सेल बसतात. वेबपीमध्ये फक्त १६,३८३, म्हणजे वरचा नकाशा अखंड वेबपीमध्ये मावतच नाही.

मग मोठ्या संग्रहालयांच्या साइटवर ते इतकं सहज कसं चालतं?

चित्राचे तुकडे करून. या तुकड्यांना टाइल म्हणतात. आधी मूळ आकाराच्या चित्राच्या टाइल्स पाडतात. मग चित्र लांबी-रुंदीला निम्मं करून पुन्हा टाइल्स, मग त्याच्याही निम्मं, असं अगदी एका पिक्सेलपर्यंत. आजीच्या माजघरातली उतरंड आठवा, खाली सगळ्यात मोठं मडकं आणि वर लहान होत गेलेली, रचना तीच. आपल्या नकाशाच्या अशा १६ पातळ्या होतात.

एवढ्या पातळ्या ठेवल्या तर जागा किती जास्त लागेल, अशी शंका येते. फार नाही. प्रत्येक वरची पातळी खालच्या पातळीच्या चौथा हिस्सा असते, त्यामुळे सगळ्या मिळून मूळ चित्राच्या पिक्सेलमध्ये फक्त एक तृतीयांश भर पडते.

बघणारा जिथे असेल, जितका जवळ गेला असेल, त्या पातळीवरच्या तेवढ्याच टाइल्स ब्राउझर मागवतो. १,९२० बाय १,०८० च्या स्क्रीनला २५६ पिक्सेलच्या चाळीस-पन्नास टाइल्स पुरतात. चित्र २४ कोटी पिक्सेलचं असो की त्याच्या हजारो पट, स्क्रीनवर यायच्या टाइल्स तेवढ्याच. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२ मध्ये रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’चं ७१,७०० कोटी पिक्सेलचं चित्र खुलं केलं. त्यासाठी ८,४३९ फोटो काढून जोडले होते, आणि शेजारशेजारच्या दोन पिक्सेलमधलं अंतर प्रत्यक्ष चित्रावर ०.००५ मिलिमीटर. तेही साध्या लॅपटॉपवर उघडतं, याच युक्तीमुळे.

यासाठी वेगळा सर्व्हर घ्यावा लागेल का?

नाही. कुणी तसं सांगून कोटेशन दिलं असेल तर आधी हे पान पूर्ण वाचा.

टाइल्स एकदा करून ठेवल्या की त्या साध्या जेपीईजी फाइली असतात. अपाची असो, एन्जिनएक्स असो, वर्षाला दोन-तीन हजारांचं शेअर्ड होस्टिंग असो, फाइल मागितली की द्यायची एवढंच सर्व्हरचं काम. ना डेटाबेस, ना पीएचपी. वेगळ्या इमेज सर्व्हरची गरज कधी पडते ते पुढे आयआयआयएफच्या प्रश्नात येईल. पण पन्नास नकाशे आणि चार पोथ्या असलेल्या संस्थेने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुरू करून देणारा माणूस निघून जातो, आणि दोन वर्षांनी तो सर्व्हर अपडेट कोण करणार याचं उत्तर कुणाकडे नसतं. साध्या फाइलींना अपडेट लागत नाही.

स्कॅन किती डीपीआयने करावा?

कागदावरची सर्वांत बारीक रेघ किंवा अक्षर पाहा आणि त्यावरून ठरवा. नकाशावर गावांची नावं एक मिलिमीटर उंचीची असतील तर ३०० डीपीआयला त्या अक्षराला जेमतेम १२ पिक्सेल मिळतात. रोमन अक्षर त्यात वाचता येतं. देवनागरीचं अवघड होतं. अनुस्वार आणि रफार एक-दोन पिक्सेलवर येतात आणि कागदावरच्या ठिपक्यात मिसळून जातात. ६०० डीपीआयला त्याच अक्षराला २३-२४ पिक्सेल मिळतात आणि प्रश्न सुटतो.

ठोकताळा असा : बोरूने लिहिलेली मोठ्या अक्षरांची पोथी ४०० ला छान येते. घाईत लिहिलेला मोडी कागद, बारीक अक्षरांचा नकाशा, शिक्के यांना ६००. त्यापुढे जायचं कारण फोटोच्या निगेटिव्ह किंवा फार लहान वस्तू असतील तरच. स्कॅनरच्या खोक्यावर ९,६०० वगैरे आकडा असतो तो बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. ‘ऑप्टिकल’ असं लिहिलेला आकडाच खरा धरा.

घडीवर फाटत आलेला मोठा नकाशा रोलरच्या स्कॅनरमधून ओढू नका. तो सपाट पसरून कॅमेऱ्याने भागाभागांत फोटो काढा. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग यायला हवा, कॅमेरा कागदाला समांतर, उजेड दोन्ही बाजूंनी सारखा, आणि एक्स्पोजर हाताने लॉक केलेलं. मग ह्युगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते जोडता येतात. कडेला एक मोजपट्टी ठेवायला विसरू नका. झूम करणाऱ्याला मूळ कागद वीतभर होता की सतरंजीएवढा, हे दुसऱ्या कशानेही कळत नाही.

मूळ फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावी?

टिफ. साध्या टिफची मर्यादा ४ जीबी असते. जोडलेलं चित्र त्यापुढे गेलं तर सेव्ह करताना बिगटिफ निवडा.

टाइल्स करण्याआधी मूळ फाइलची एक प्रत काढून त्या प्रतीवर तीन गोष्टी करा. रंग एसआरजीबीमध्ये (वेबवर सगळीकडे चालणारी रंगांची व्यवस्था) बदला, १६ बिटची असेल तर ८ बिट करा, आणि चित्र आडवं-उलटं असेल तर प्रत्यक्ष फिरवून सेव्ह करा. कॅमेऱ्याचे फोटो बऱ्याचदा नुसत्या ‘फिरवून दाखवा’ अशा चिठ्ठीसह येतात, टाइल पाडताना ती चिठ्ठी गळते आणि नकाशा आडवा पडतो. रंगांचंही तसंच. स्कॅन ॲडोबी आरजीबीमध्ये असेल आणि टाइल्समधून ती नोंद गळली, तर फोटोशॉपमध्ये टवटवीत दिसणारा नकाशा वेबसाइटवर मळकट दिसतो. छपाईसाठी केलेली सीएमवायके फाइल तर मुळीच वापरू नका.

टाइल्स पाडायच्या कशा?

लिबव्हिप्स वापरा. मोफत आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि मुख्य म्हणजे अख्खं चित्र मेमरीत न घेता पट्ट्या-पट्ट्यांनी काम करतं. चार जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवरही आपला ए-झिरो नकाशा निघतो. इमेजमॅजिकनेही टाइल्स होतात, पण तिथे मोठ्या चित्राला मेमरी फार लागते.

लिबव्हिप्सला खिडकी-बटणं नाहीत, कमांड टाइप करावी लागते. कमांडचं नाव ‘व्हिप्स’, त्यापुढे ‘डीझेडसेव्ह’, मग मूळ फाइलचं नाव, मग तयार होणाऱ्या संचाचं नाव. एवढंच दिलं तरी काम होतं. त्याला डीप झूम मांडणी म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या सीड्रॅगन तंत्रातून ती आली आणि आज सगळीकडे चालते. तयार होतात दोन गोष्टी : डॉट डीझेडआय अशी एक लहानशी एक्सएमएल फाइल, आणि त्याच नावापुढे ‘अंडरस्कोर फाइल्स’ लागलेला फोल्डर. ही जोडी कायम शेजारी-शेजारी राहिली पाहिजे. एकीचं नाव बदललं तर दुसरीचंही बदलायचं.

टाइलचा आकार काही सांगितला नाही तर तो २५४ धरला जातो आणि चारही बाजूंना शेजारच्या टाइलचा एकेक पिक्सेल जोडला जातो, म्हणून आतली टाइल २५६ ची होते. हा जादाचा पिक्सेल नसेल तर झूम करताना काही ब्राउझरमध्ये टाइल्सच्या सांध्यावर केसासारखी रेघ दिसते.

मी मात्र ५१० आकार सांगतो, म्हणजे एकेक जोडून ५१२. आपल्या नकाशाच्या २५४ ने ५,२९४ टाइल्स होतात आणि ५१० ने १,३१७. फाइलींची संख्या चौथाईवर आली की अपलोड, बॅकअप, सगळंच सुटसुटीत होतं. तयार झाल्यावर ‘१५’ नावाचा फोल्डर उघडून पाहा. मूळ आकाराच्या टाइल्स तिथे असतात. पहिली ० अंडरस्कोर ०, शेवटची २५ अंडरस्कोर ३६. आधी उभी रांग, मग आडवी ओळ. ती शेवटची टाइल ५१२ ची नसते, ४९५ बाय ३६५ पिक्सेलची असते, कारण कडेला तेवढाच नकाशा उरतो. ती लहान दिसली म्हणून काही बिघडलं आहे असं समजू नका.

जेपीईजीची क्वालिटी किती ठेवायची?

फोटो आणि तैलचित्रांना ८० भरपूर झाली. हस्तलिखितांना ९०.

यामागे कारण आहे. लिबव्हिप्समध्ये काहीच सांगितलं नाही तर ७५ धरली जाते. त्यात बोरूच्या काळ्या रेघेभोवती कागदावर धुरकट ठिपके उमटतात. पण खरं नुकसान लाल शाईचं होतं. पोथीत ‘इति’, ‘अथ’, अध्यायाचा शेवट, दंड हे हिंगुळाने लिहिलेले असतात. जेपीईजी जागा वाचवण्यासाठी उजेड-अंधार पूर्ण बारकाईने ठेवतं, पण रंगाची माहिती निम्म्या बारकाईवर आणतं. काळ्या अक्षराला त्याने फरक पडत नाही, तांबूस कागदावरच्या लाल अक्षराची कड मात्र पसरते. लिबव्हिप्समध्ये क्वालिटी ९० किंवा वर ठेवली की रंगाची ही काटछाट आपोआप बंद होते. त्यामुळे ८५ आणि ९० मधला फरक पाच गुणांपेक्षा बराच मोठा दिसतो.

आपला नकाशा ९० ला साधारण १०० एमबीच्या घरात जातो, कागद डागाळलेला आणि खरखरीत असेल तर जास्त. बघणाऱ्याला त्यातला लहानसा हिस्साच डाउनलोड करावा लागतो, तेव्हा इथे कंजुषी नको.

पानावर चित्र लावायचं कसं?

ओपनसीड्रॅगन नावाची मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररी डाउनलोड करा आणि तिचा फोल्डर आपल्याच सर्व्हरवर ठेवा. पानावर एक रिकामा डिव्ह, त्याला एक आयडी. मग लहानशा स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी सांगायच्या : कोणत्या डिव्हमध्ये दाखवायचं, डीझेडआय फाइल कुठे आहे, आणि बटणांची चित्रं कोणत्या फोल्डरमध्ये आहेत. लायब्ररीच्या साइटवर आठ-दहा ओळींचा नमुना आहे, तोच उचलून नावं बदला.

पहिल्याच दिवशी अडकवणाऱ्या गोष्टी अशा. डिव्हला उंची दिली नाही तर तो शून्य उंचीचा होतो. सगळं बरोबर असूनही पान कोरं दिसतं आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) एकही लाल ओळ येत नाही. सीएसएसमध्ये उंची ६०० पिक्सेल किंवा स्क्रीनच्या ८० टक्के अशी ठरवून द्या. चित्र दिसतं पण अधिक-उण्याच्या बटणांच्या जागी तुटलेल्या चित्राची खूण दिसत असेल तर बटणांच्या फोल्डरचा पत्ता चुकला आहे. त्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवीच. आणि पान कॉम्प्युटरवर नुसतं डबल-क्लिक करून उघडलं तर ब्राउझर डीझेडआय फाइल वाचू देत नाही. तपासायचं असेल तर घरच्या कॉम्प्युटरवर एखादा लहान सर्व्हर चालवा, पायथन असेल तर एका ओळीत होतो, किंवा थेट होस्टिंगवरच चाचणीचा फोल्डर करा.

नकाशाऐवजी २०० पानांची पोथी असेल तर?

प्रत्येक पानाचा वेगळा संच करा आणि सगळ्या डीझेडआय फाइलींची यादी क्रमाने द्या. ओपनसीड्रॅगनमध्ये सीक्वेन्स मोड चालू केला की मागे-पुढे जायची बटणं येतात, खाली लहान चित्रांची पट्टीही लावता येते. पानांच्या फाइलींना ००१, ००२ अशी तीन आकडी नावं द्या, नाहीतर १ नंतर १० येतं आणि २ मागे पडतं. सुट्या पानांच्या पोथीत पुढची-मागची बाजू ‘अ’ आणि ‘ब’ म्हणून यादीत नोंदवा. फाइलच्या नावात मात्र रोमन ए आणि बीच ठेवा.

एफटीपीने अपलोड करताना अर्ध्यात तुटतं.

तुटणारच. हजारो बारीक फाइली एकेक करून जातात तेव्हा प्रत्येकीसाठी नव्याने बोलणी होतात, नेट कितीही वेगवान असलं तरी. सगळा फोल्डर झिप करा, ती एक फाइल चढवा आणि सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून सर्व्हरवरच उलगडा. एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड देण्याची सोय) मिळत असेल तर फाइली पाठवणारी आरसिंक ही कमांड सर्वांत उत्तम. मध्येच तुटलं तरी उरलेल्याच फाइली पाठवतं.

उलगडण्याआधी होस्टिंगच्या प्लॅनमध्ये ‘आयनोड’ची मर्यादा पाहून घ्या. ही जागेची नव्हे, फाइलींच्या संख्येची मर्यादा असते आणि जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असलं तरी बारीक अक्षरांत ती असतेच. शेअर्ड होस्टिंगवर दोन-अडीच लाख हा आकडा बऱ्याचदा दिसतो. २५४ च्या टाइल्सने चाळीस नकाशे लावले की दोन लाख अकरा हजार फाइली होतात. ५१० ने त्रेपन्न हजारांच्या आत राहतात.

माझ्या कॉम्प्युटरवर चालत होतं, सर्व्हरवर ४०४ येतं.

नावं तपासा. विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच असतं, लिनक्सला नाही. स्क्रिप्टमध्ये डॉट जेपीजी लहान लिपीत आणि फाइल मोठ्या लिपीत असेल तर सर्व्हरला ती सापडत नाही. फाइलींच्या नावात देवनागरी, मोकळी जागा, कंस नकोत. पानावरच्या शीर्षकात ‘मौजे अमुक, तालुका तमुक’ असं ऐटीत लिहा, पण फाइलचं नाव लहान रोमन लिपीत, आकडे आणि आडव्या रेघेसह.

सर्व्हर विंडोजचा, म्हणजे आयआयएस असेल तर आणखी एक खोच आहे. त्याला अनोळखी एक्सटेन्शनची फाइल समोर असूनही तो ४०४ सांगतो. डीझेडआय हे एक्सटेन्शन एक्सएमएल म्हणून त्याच्या यादीत घालावं लागतं. ते जमत नसेल तर फाइलला डॉट एक्सएमएल असं नाव द्या. ओपनसीड्रॅगनला ते चालतं.

वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतून होईल का?

नको. आवृत्ती ५.३ पासून वर्डप्रेस २,५६० पिक्सेलपेक्षा मोठं चित्र चढवलं की त्याची लहान प्रत काढून तीच वापरतं. म्हणूनच अनेकांची तक्रार असते की ‘मोठी फाइल टाकली तरी अक्षर फुटतं’. टाइल्सचा फोल्डर वर्डप्रेसच्या बाहेर, वेबसाइटच्या मुळाशी वेगळा ठेवा आणि पानावर कस्टम एचटीएमएलचा ब्लॉक वापरा. व्ह्यूअरचं (चित्र झूम करून दाखवणाऱ्या चौकटीचं) तयार प्लगइन घेणार असाल तर ते शेवटचं कधी अपडेट झालं ते बघून घ्या.

टाइल्स दुसऱ्या सर्व्हरवर ठेवल्या आणि चित्र येईना.

पान एका डोमेनवर आणि डीझेडआय दुसऱ्यावर असेल तर ब्राउझर सुरक्षेसाठी अडवतो. कन्सोलमध्ये ‘सीओआरएस’ असा उल्लेख असलेली लाल ओळ दिसेल. टाइल्सच्या सर्व्हरवर, कोणत्या डोमेनला परवानगी आहे ते सांगणारा हेडर लावावा लागतो; पानाच्या सर्व्हरवर लावून उपयोग नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला आणि नसलेला पत्ता हे ब्राउझरच्या लेखी दोन वेगळे डोमेन आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

फोनवर पान खाली सरकवताना नकाशाच हलतो.

व्ह्यूअरने अख्खा स्क्रीन व्यापला की बोट ठेवायला दुसरी जागाच उरत नाही. फोनवर व्ह्यूअरची उंची स्क्रीनच्या दोन तृतीयांशपेक्षा जास्त ठेवू नका आणि पूर्ण स्क्रीनचं बटण ठळक ठेवा. कॉम्प्युटरवर माउसचं चाक फिरवताच झूम होणं बंद करता येतं. लांबलचक लेखाच्या मध्ये चित्र असेल तर ते जरूर बंद करा.

लोक चित्र चोरतील. वॉटरमार्क टाकू का?

टाइल्स उचलून पुन्हा अखंड चित्र जोडणारी साधनं मोफत मिळतात, डीझूमिफाय त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं. उजवं क्लिक बंद करून काही साधत नाही. जे स्क्रीनवर दिसतं ते नेता येतं, हे मान्य करूनच ठरवा. पूर्ण ताकदीची प्रत बाहेर जाऊ नये असं वाटत असेल तर प्रकाशित करायचं चित्रच निम्म्या आकाराचं करा.

मजकुरावर आडवा वॉटरमार्क मला तरी अजिबात पटत नाही. ज्याला मोडी वाचायची आहे त्याचीच वाट अडते, आणि ज्याला विकायचं आहे तो फोटोशॉप जाणतोच. संस्थेचं नाव चित्राच्या कडेला, मोजपट्टीजवळ घाला.

हक्काची बाजू वेगळी. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कृती सार्वजनिक होते. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, रावबहादूर धुरंधर १९४४ मध्ये. त्यांच्या चित्रांना आता ती अडचण नाही. अलीकडच्या चित्रकारांचं मात्र वारसांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि जमिनीचे, कौटुंबिक वादाचे कागद चढवण्याआधी त्यात हयात माणसांची नावं आहेत का ते बघा.

आयआयआयएफ म्हणजे काय? अनुदानाच्या अर्जात तो शब्द आहे.

म्हणताना ‘ट्रिपल आय एफ’ म्हणतात. वेगवेगळ्या संग्रहालयांची चित्रं एकाच व्ह्यूअरमध्ये उघडावीत म्हणून ठरवलेला हा सामाईक करार आहे. त्यात चित्राच्या पत्त्यातच मागणी लिहिलेली असते : कोणता भाग, किती आकारात, किती अंश फिरवून, रंगीत की करडा, कोणत्या फॉरमॅटमध्ये. त्यामुळे पुण्यातल्या पोथीचं एक पान आणि लंडनमधल्या पोथीचं एक पान शेजारी ठेवून पाठभेद बघता येतात. नुसत्या शिक्क्याच्या भागाची लिंक लेखात देता येते.

याची सर्वांत साधी पायरी ‘लेव्हल झिरो’. तिला सर्व्हर लागत नाही. लिबव्हिप्सच्या त्याच डीझेडसेव्ह कमांडला मांडणी आयआयआयएफ सांगितली की तशा टाइल्स आणि इन्फो डॉट जेसन फाइल तयार होते. अर्जातली अट बहुधा एवढ्याने भागते, पण अटीचा मजकूर नीट वाचा. मनाला येईल तो भाग कापून हवा असेल तर मात्र आयआयपीइमेज किंवा जावावर चालणारा कँटालूप यांसारखा इमेज सर्व्हर लागतो. तिथे टाइल्सऐवजी प्रत्येक चित्राची एकच पिरॅमिड टिफ (सगळ्या पातळ्या आत असलेली) फाइल ठेवतात आणि तुकडा मागणीनुसार कापला जातो. हजारो चित्रं असतील तर फाइलींचा पसारा त्याने टळतो. बदल्यात सर्व्हरला प्रत्येक वेळी राबावं लागतं. बॉट (आपोआप पानं चाळणारे प्रोग्राम) अशा साइटवर घुसले की आकार आणि भाग यांच्या जोड्या संपतच नाहीत आणि सर्व्हर झोपतो. तो मार्ग घेतलाच तर पुढे कॅशे (एकदा दिलेल्या तुकड्यांच्या साठवलेल्या प्रती) आणि मागणीवर मर्यादा, दोन्ही पहिल्या दिवसापासून लावा.

आमच्याकडे जुनी झूमिफायची पानं आहेत. ती आता कोरी दिसतात.

झूमिफाय ही टाइल्स दाखवण्याची जुनी पद्धत. तुमची पानं फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या प्लगइनवर चालणारी असणार. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केला. पण टाइल्स जिवंत आहेत! ‘टाइलग्रुप०’, ‘टाइलग्रुप१’ असे फोल्डर आणि इमेजप्रॉपर्टीज नावाची एक्सएमएल फाइल सर्व्हरवर शोधा. त्या एक्सएमएलमध्ये चित्राची रुंदी-उंची लिहिलेली असते. ती आणि फोल्डरचा पत्ता ओपनसीड्रॅगनला दिला, प्रकार झूमिफाय सांगितला, की तेच चित्र पुन्हा उघडतं. पुन्हा स्कॅनिंगचं टेंडर काढायची घाई करू नका.

ब्राउझरमधला कॅशे किती दिवसांचा ठेवावा?

टाइल्स बदलत नाहीत, एक वर्ष ठेवा. पुन्हा नव्याने टाइल्स केल्या तर संचाचं नाव बदला, शेवटी ‘व्ही२’ वगैरे. जुन्याच नावावर नव्या टाइल्स चढवल्या तर आधी येऊन गेलेल्या माणसाला अर्धा नकाशा जुना आणि अर्धा नवा दिसतो.

टाइल्सचा बॅकअप घ्यायचा का?

टाइल्सचा नको, मूळ टिफचा घ्या, दोन वेगवेगळ्या जागी. टाइल्स पुन्हा पाडता येतात. त्यासाठी वापरलेली कमांड एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टिफशेजारी लिहून ठेवा.

सगळं नीट लागलं आहे हे कसं तपासायचं?

ऑफिसच्या वायफायवरून नव्हे, फोनच्या डेटावरून. खासगी विंडो उघडा म्हणजे कॅशे फसवणार नाही. नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पूर्ण झूम करा. अपलोड अर्धवट राहिलं असेल तर बहुधा उजव्या खालच्या बाजूला धूसर चौकोन राहतात, वरच्या पातळीची टाइल ताणून दाखवलेली असते म्हणून. कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून नकाशा फिरवा. ४०४ आलेल्या टाइलचा फोल्डर आणि आकडे तिथेच दिसतात. तेवढ्याच फाइली पुन्हा चढवा.